देवराव जोडे झटकायचा

बाहेरून आले की मी आधी पायरीवर बसते, चपला काढते, एकीवर एक आपटते आणि मग घरात जाते. चिखल असो नाहीतर नसो. सून विचारते, "आई, चपलेले माती तं नाई, मंग झटकता कायले?" मी तिला सांगत नाही. सांगितलं तर ती नातीला सांगेल आणि नात ते मोबाइलवर टाकेल.

गेल्या महिन्यात वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला आणि म्हणाल्या, "आजी, टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, "मी कुठं घेतो बाई, ते आपल्याच पायानं येते." त्या हसल्या आणि गोळी लिहून दिली. घरी आल्यावर नातीने मोबाइलमध्ये एक बाई दाखवली. ती गादीवर मांडी घालून बसली होती, मागे समुद्र होता, आणि ती हळू आवाजात सांगत होती की रोज थोडा वेळ शांत बसा, श्वासाकडे लक्ष द्या, छोट्या छोट्या सवयी लावून घ्या. सांगत होती ते खोटं नव्हतं. पण तिच्यासमोर कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.

मला देवराव आठवला. त्याच्यासमोर दिवसभर हॉर्न वाजायचे.

देवराव रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होता. आमचं गाव सेलू तालुक्यात आहे. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे येताना रेल्वेची लाइन लागते. आता तिथे लाइनीखालून रस्ता काढला आहे, पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं. तेव्हा फाटक होतं. फाटकाच्या बाजूला देवरावची खोली, खोलीसमोर कडुनिंबाचं झाड आणि झाडाखाली टोपलं घेऊन मी. मी केळी विकायचे, दिवाळीनंतर उकडलेल्या शेंगाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, घरधनी लवकर गेले, पोरं लहान होती. माझ्याबद्दल एवढं पुरे.

फाटक बंद झालं की माझा धंदा चालू व्हायचा. त्यामुळे फाटक पडलं म्हणून आनंद होणारी त्या रस्त्यावर मी एकटीच होते. बाकी सगळे देवरावला शिव्या द्यायचे. लाइन नागपूरची, एक गाडी गेली की दुसरी येणार, मध्येच मालगाडी येऊन रेंगाळणार. यात देवरावचा काय दोष? पण स्टेशनमास्तर कोणाला दिसत नव्हता आणि इंजिनाचा ड्रायव्हर सापडत नव्हता. देवराव समोर उभा असायचा. मग जो चिडेल तो त्याच्यावरच.

देवराव उंच आणि हाडापेराने मोठा होता. खोलीचं दार बुटकं, त्यामुळे आत-बाहेर करताना तो कायम वाकलेला दिसायचा. कानांवर केस. आवाज असा की इकडून "थांब!" म्हटलं तर लाइनीपलीकडची म्हैसही थांबावी. आणि हात फारच मोठे. ते हात पाहिले की त्याच्याबद्दल ऐकलेली गोष्ट खरी वाटायची.

ती गोष्ट त्याच्या आधीच गावात पोचली होती. आधीच्या फाटकावर एका ट्रॅक्टरवाल्याने त्याला आईवरून शिवी दिली, आणि याने हातातल्या झेंड्याच्या दांड्याने त्याचा हात मोडला. देवराव बरेच महिने घरी बसला. नोकरी कशीबशी राहिली आणि बदली होऊन तो आमच्याकडे आला. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, पुन्हा एक भांडण झालं तर घरी जायचं. त्यामुळे तो आला त्या दिवशी गावातली काही रिकामटेकडी माणसं मुद्दाम फाटकावर येऊन बसली. भांडण पाहायला मिळेल म्हणून. मीही जरा टोपलं पुढे सरकवून बसले, खोटं कशाला सांगू.

फाटक पडलं. आमच्या भागातली माणसं फाटक पडलं की थांबत नाहीत, वाकतात. मोटरसायकल आडवी करायची, दांड्याखालून काढायची आणि आपण बायकोसकट वाकून पलीकडे जायचं. गाडी दिसत असली तरी. त्या दिवशीही एकजण तसा घुसला. देवराव गरजला, "थांब!" तो थांबला नाही, उलट पलीकडे जाऊन म्हणाला, "काऊन बे, लाइन तुह्या बापाची हाय का?"

देवरावची मान लाल झाली. त्याने मोटरसायकलवाल्याकडे पाहिलं, वळला, वाकून खोलीत गेला, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि स्टुलावर बसून पिऊ लागला. घोट घोट. गरम दूध असल्यासारखं. पेला खाली ठेवला तोवर मोटरसायकलवाला गावात पोचला होता. देवराव हिरवा झेंडा घेऊन बाहेर आला आणि लाइनीकडे तोंड करून उभा राहिला. रिकामटेकडी माणसं हिरमुसून उठली.

मग आम्हाला ते रोजचंच झालं. कोणी काही बोललं की देवराव आधी पाणी प्यायचा, मग उत्तर द्यायचा. उभ्याने कधी प्यायचा नाही. जीपवाला विचारायचा, "भाऊ, किती वेळ हाय?" देवराव पाणी पिऊन, पेला पालथा घालून, बाहेर येऊन सांगायचा, "गाडी येईपर्यंत."

"तुमचं पाणी होईपर्यंत आमचं म्हातारपण येईन न!"

"येऊ दे. फाटक तवाही इथंच राहीन."

दुसरी सवय पाठ फिरवण्याची. फाटक पाडलं, कुलूप लावलं की तो गाड्यांच्या रांगेकडे पाहायचाच नाही. रुळांकडे पाहत उभा राहायचा. एका ऑटोवाल्याने त्याला डिवचलं, "काहो, ध्यान लावून राह्यले का?" देवराव वळला नाही. म्हणाला, "ड्यूटी करून राह्यलो बे. तुह्याकडं पाह्यलं तं तुले उत्तर द्या लागते. रूळ काई इचारत नाई."

तिसरी सवय माझ्या झाडाखालची. ड्यूटी संपली, दुसरा माणूस आला, की देवराव सरळ घरी जायचा नाही. कडुनिंबाच्या मुळावर बसायचा, जोड्यांची नाडी सोडायचा, जोडे काढायचा आणि खोडावर झटकायचा. जोरजोरात. एक झटकून झाला की दुसरा. त्या खोडाची साल त्या जागी गुळगुळीत झाली होती. मग हापशावर पाय धुवायचा, माझ्याकडून एक केळं घ्यायचा आणि बसून खायचा. त्याचं केळं खाणं पाहण्यासारखं होतं. साल काढल्यावर केळ्याला जे दोरे राहतात, ते तो एकेक करून काढायचा. एवढ्या मोठ्या बोटांनी. सगळे निघाले की मगच पहिला घास. ज्या दिवशी तो दोऱ्यांसकट केळं तोंडात घालायचा, त्या दिवशी मी समजून घ्यायचे की आज कोणीतरी फार बोललं आहे. अशा दिवशी मी त्याच्याशी बोलत नसे. तो कधी कधी दुसरं केळं मागायचा आणि त्याचे दोरे काढायचा.

मी एकदा विचारलं, "देवराव, जोडे घरीच झटकत जाय न. माह्या शेंगांवर धूळ येते."

तो म्हणाला, "घरी नेता येत नाई मावशी. घरी नेल्यानंच तं सारं झालं."

चैत्रातली दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्या दिवशी त्याने सांगितलं, तेही माझ्याकडे न पाहता.

ट्रॅक्टरवाल्याची गोष्ट गावाला माहीत होती. त्याच्या आधीची नव्हती. तेव्हा तो फाटकावर शिव्या खायचा, नोकरी जाईल म्हणून तोंड दाबून ठेवायचा आणि सगळं घेऊन घरी जायचा. घरी मीठ कमी पडलं तरी भांडण, दार उशिरा उघडलं तरी भांडण. एक दिवस कौसल्याने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवायला वाढलं. ती काहीतरी म्हणाली. काय म्हणाली तेही त्याला आठवत नव्हतं. त्याने ताट भिरकावलं. बाजूला पोरगी बसली होती, सुमी. चुलीवरून नुकतं उतरवलेलं वरण तिच्या हातावर सांडलं.

"पोट्टी रडली नाई मावशी," तो म्हणाला. "माह्याकडं पाहत राह्यली. रडली असती तं बरं झालं असतं."

कौसल्या दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन आर्वीला माहेरी गेली. ती गेल्यावर ट्रॅक्टरवाल्याचा प्रकार झाला. देवराव तिला आणायला गेला तेव्हा तिच्या भावांनी त्याला ओसरीवरही बसू दिलं नाही. पुढे बदलीचा कागद आला तसा तो पुन्हा गेला. या वेळी कौसल्या बाहेर आली. ती रडली नाही, याला देवाची शपथही घ्यायला लावली नाही. म्हणाली, "मी येतो. पण फाटकावरचा देवराव मले घरात नको. त्याले तिथंच ठेवून यायचं. जोड्याले फाटकावरची धूळ दिसली तं मी ताट वाढणार नाई. अन् पुन्हा हात उचलला तं मी आर्वीची बस पाह्यन, मंग घ्याले येऊ नका."

म्हणजे धुळीचं तिने उगाच काहीतरी ठरवलं होतं. बायका ठरवतात. पण देवरावने ते धरलं. तो म्हणाला, "पह्यले मले वाटे, धूळ झटकून काय होते? पण झटकाले बसा लागते न मावशी. बसलं की पाय गार होते. पाय गार झाले की डोकं बी जरासं खाली येते. शिवी त्याची हाय, मी कायले घरी नेऊ?" आणि पाणी, पाठ फिरवणं, केळ्याचे दोरे, हे सगळं त्याने स्वतःच पुढे जोडत नेलं. कोणी शिकवलं नव्हतं.

कौसल्याला मी ओळखत होते. बुटकी, कामाला वाघीण, बोलायला कमी. गावात आल्यावर ती अंगणवाडीत मदतनीस झाली. एकदा मी तिला गंमतीने विचारलं, "काव, खरंच ताट वाढत नाईस का?" ती म्हणाली, "एकदा नाई वाढलं. जोड्याले चिखल होता. ते बाहेर जाऊन काडीनं खरवडून आले, मंग वाढलं." आणि हसलीही नाही.

देवराव साधू झाला होता असं कोणाला वाटू नये. राग होताच. एकदा माझ्यावरच खेकसला. माझ्या टोपल्याजवळ दोन स्कुटरी उभ्या राहिल्या आणि मागचा ट्रक अडला, तर म्हणाला, "तुह्या टोपल्यापायी रस्ता बंद होते!" मी म्हटलं, "माह्या टोपल्यापायी का तुह्या दांड्यापायी?" त्याने डोळे वटारले. खोलीत गेला, पाणी प्यायला, बाहेर आला, माझं टोपलं उचलून झाडाच्या दुसऱ्या बाजूला सावलीत ठेवलं आणि गेला. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. मला असलीच माणसं बरी वाटतात. टोपलं पुढे तिथेच राहिलं. सावली खरंच जास्त होती.

अशी काही वर्षं गेली. सुमी पाचवीत की सहावीत गेली. तिच्या डाव्या मनगटावर वरणाचा डाग होता, कोवळ्या कातडीचा, चकाकणारा. शाळेतून येताना ती कधी झाडाखाली थांबायची आणि बापाने जोडे काढेपर्यंत वाट बघायची. जोडे झटकून झाल्याशिवाय ती त्याच्या अंगाला लागत नसे, हे मी पाहिलं होतं. पोरीच्या ध्यानात होतं की नाही कोण जाणे. माझ्या होतं.

मग ते लग्न आलं.

लग्न आमच्या गावातल्या मुलीचं, नवरदेव देवळीकडचा. संध्याकाळचा मुहूर्त. वरातीच्या गाड्या लाइनीपाशी आल्या आणि फाटक पडलं. आधी एक प्रवासी गाडी गेली, फाटक उघडलं नाही, कारण पाठोपाठ मालगाडी सोडली होती. एकदा फाटक पाडून स्टेशनाला कळवलं की गाडी जाईपर्यंत ते उघडता येत नाही. वऱ्हाड उतरलं. पोट्टे रस्त्यावरच नाचायला लागले, बँडवाल्यांनी तिथेच सुरू केलं. माझी केळी संपली. सगळं मजेत होतं, पण नवरदेवाचा मामा तापला होता. पांढरा सफारी, कपाळावर टिळा, घामाने पुसलेला.

"ओ फाटकवाले! मुहूर्त टळून राह्यला! उघड!"

देवराव पाणी प्यायला गेला होता. बाहेर येऊन म्हणाला, "मालगाडी येऊन राह्यली. ते गेली की उघडतो."

"कुठं हाय मालगाडी? दाखव!"

"दिसल्यावर पाडलं तं फाटकाचा काय फायदा?"

पोट्टे हसले. मामाला तेच लागलं. त्याने पुढे होऊन देवरावच्या थोबाडीत मारली. बँडवाल्यांचं वाजवणं नेमकं तेव्हाच थांबलं होतं, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू आला.

देवरावच्या हातात झेंडा होता. दांडा वर गेला. मी स्वतः पाहिलं, खांद्याच्या वर गेला. मामा मागे सरकला. मग देवरावने दांडा खाली आणला, वाकून खोलीत गेला आणि पाणी प्यायला. एवढ्यातच दुसऱ्यांदा. वऱ्हाडातला कोणीतरी ओरडला, "थोबाडीत खाल्ली अन् पाणी पेऊन राह्यला पाह्य!" सगळे खदखदून हसले. देवराव बाहेर आला, लाइनीकडे तोंड करून उभा राहिला. मालगाडी आली, लांबलचक, कोळशाची, सावकाश गेली. त्याने शेवटचा डबा पाहिला, चाक फिरवून फाटक उघडलं. वरात निघाली. मामा जीपमधून जाता जाता अंगठा तोंडाकडे नेत म्हणाला, "पाणी पे, पाणी पे!"

थोड्याच वेळात दुसरा फाटकवाला आला. देवरावची ड्यूटी संपली. तो झाडाखाली आला, पण बसला नाही. जोडे पायातच. मी केळं पुढे केलं, एक त्याच्यासाठी ठेवलं होतं. त्याने पाहिलं नाही. खोलीत परत गेला आणि झेंड्याचा जुना दांडा, कापड काढून टाकलेला, घेऊन बाहेर आला आणि गावाच्या रस्त्याला लागला. मांडव त्याच रस्त्यावर होता. बँड पुन्हा वाजत होता.

मी हाक मारली, "देवराव!" तो थांबला नाही. मी एकटी बाई, त्याला काय धरून ठेवणार? मी टोपलं टाकून थोडी त्याच्या मागे गेले, एवढंच.

समोरून कौसल्या येत होती. हाताला सुमी. गावात बातमी बँडच्या आधी पोचते. ती रस्त्याच्या मध्ये उभी राहिली.

"कुठं चालले?"

"येतो."

"दांडा कायले?"

त्याने दांडा दुसऱ्या हातात घेतला.

"जोडे काऊन नाई झटकले?"

"आज नाई झटकत. सरक."

ती सरकली. खरोखर बाजूला झाली. म्हणाली, "जा तुम्ही. आम्ही मोठ्या रस्त्यावर जातो. आर्वीकडची बस भेटन अजून." आणि पोरीला घेऊन त्याच्या बाजूने पुढे निघाली, झाडाकडे, मोठ्या रस्त्याकडे. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी तिचं तोंड पाहिलं. ते दगडासारखं होतं, पण पोरीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की पोरगी वाकडी चालत होती.

देवराव तिथेच उभा राहिला. इकडे मांडव, तिकडे बस. कितीतरी वेळ. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

मग तो परत आला. तरातरा, तसाच रागात. दांडा झाडाला टेकवला आणि मुळावर धप्पकन बसला. नाडी ओढली, उलटी ओढली. गाठ काही सुटेना. कौसल्या थोड्या अंतरावर थांबली होती. जवळ आली नाही. सुमी तिच्या हातातून सुटली आणि बापापुढे उकिडवी बसली. नाडी सोडली. जोडा ओढून काढला. दोन्ही हातांनी धरला, आणि खोडावर आपटला. तिला ती जागा माहीत होती. तिने इतक्या जोरात आपटला की सगळी धूळ माझ्या शेंगांवर आली.

"अवं पोट्टे, माह्या शेंगा!" मी ओरडले.

देवराव म्हणाला, "मावशीच्या शेंगा खराब केल्या न वं." आवाज फाटलेला होता. सुमी म्हणाली, "अजून एक बाकी हाय बाबा," आणि दुसरा जोडा ओढायला लागली.

पाय धुवून झाल्यावर मी केळं दिलं. त्याने दोरे काढले. त्या दिवशी त्याला फार वेळ लागला, केळं काळं पडायला आलं. मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली, ती तिथपर्यंत ऐकू येत होती. कौसल्या दांडा उचलून खोलीत ठेवून आली. मग तिघंही घरी गेले. कोण काय बोललं ते मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवरी घेऊन वऱ्हाड परत निघालं आणि नेमकं फाटक बंद. मामाची जीप माझ्या टोपल्यासमोरच थांबली. देवराव खोलीत बसून पाणी पीत होता. मामा दुसरीकडे पाहत होता. त्याने केळी मागितली. मी त्याला तळाची काढून दिली, मऊ झालेली. त्याने तीच घेतली. गाडी गेली, फाटक उघडलं. त्यापलीकडे काही झालं नाही.

पुढे लाइनीखालून रस्ता निघाला, फाटक काढलं. देवराव आणखी कुठे काही वर्षं राहिला आणि निवृत्त झाला. माझा धंदाही गेला, कारण खालच्या रस्त्यात कोणी थांबतच नाही. झाड मात्र राहिलं. त्या जागेची साल अजून गुळगुळीत आहे.

गेल्या पोळ्याच्या सुमारास तो गेल्याचं कळलं. झोपेत गेला म्हणे. मला उशिरा कळलं, जाणं झालं नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते केळझरला. चतुर्थी होती, गणपतीला गर्दी. मी दर्शन करून टेकडी उतरले आणि चहाच्या टपरीपाशी बसची वाट पाहत बसले. समोरच्या बाकड्यावर देवराव. केस पांढरे, तसाच वाकलेला, आता दार नसतानाही. शेजारी कौसल्या, तिच्या पलीकडे सुमी, अंगाने भरलेली, लग्न झालेली, आणि देवरावच्या मांडीवर तिची पोरगी, दोन-अडीच वर्षांची. देवरावच्या हातात चहाचा ग्लास. मी हाक मारणार होते, तेवढ्यात पोरीने हात मारला आणि ग्लास उलटला. गरम चहा सगळा त्याच्या पायावर, जोड्यात.

देवरावचा हात वर गेला. चटका बसल्यावर कोणाचाही जातो. पण सुमीने झटकन हात पुढे करून लेक ओढून घेतली. मनगटावरचा डाग मला दिसला. कौसल्या जागची हलली नाही. तिने चहाचा घोट घेतला आणि त्याच्या जोड्याकडे पाहिलं.

देवरावने हात खाली आणला. वाकला. नाडी सोडली, जोडा काढला, त्यातला चहा ओतला आणि बाकड्याच्या पायावर झटकू लागला. सावकाश, दोन्ही बाजूंनी, जसा कडुनिंबावर झटकायचा तसा. नातीला फार गंमत वाटली. ती आईच्या हातातून सुटली, खाली बसली, आपली इवलीशी चप्पल काढली आणि आजोबाच्या शेजारी बाकड्यावर आपटायला लागली. दोघंही आपटत होते.

"काहो आजोबा," टपरीवाला भज्यांच्या परातीवर फडकं टाकत ओरडला, "धूळ नका उडवू न बाप्पा, खायच्या वस्तू हायेत!"

माझी बस लागली. मी हाक न मारताच उठले.